शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं

फोन आला तेव्हा मंजूषा पागे माझ्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच पोहे खात होती. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमध्ये आम्ही एकाच इमारतीत राहतो. ती आणि तिचा नवरा दिलीप खाली, मी वर. मी शाळेतून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली, त्यामुळे सकाळी मला घाई नसते आणि तिला फार असते. गोविंदपुऱ्याला कारखान्यात निघण्याआधी दहा मिनिटं वर यायचं, जे असेल ते खायचं आणि पळायचं, असा तिचा शिरस्ता.

फोनवर ती नुसती ऐकत होती. एकदा "किती?" असं विचारलं. थोड्या वेळाने, "सहाशेपैकी?" मग ताटली तिने ओट्याच्या इतक्या कडेला ठेवली की मी झटकन पुढे होऊन धरली.

"काकू, माल परत येतोय," ती म्हणाली. "चारशे बारा पिना."

तिच्या कामातलं मला फारसं कळत नाही, पण इतकी वर्षं ऐकून जेवढं कळलं तेवढं सांगते. तिची गोविंदपुऱ्यात एक शेड आहे. बारा माणसं, पाच-सहा यंत्रं. पाण्याच्या पंपांत बसणारे पोलादाचे छोटे भाग तिथे कातून तयार होतात. ते भाग ठरलेल्या मापाचेच असावे लागतात, आणि माप म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. मंडीदीपच्या एका पंप कंपनीला ती अकरा वर्षं माल देत होती आणि अकरा वर्षांत एकही खोका परत आला नव्हता. आता सहाशेतल्या चारशे बारा पिना चार शतांश मिलिमीटरने बारीक निघाल्या होत्या. पंपात त्या सैल बसल्या असत्या.

"चार शतांश म्हणजे फार असतं का?" मी विचारलं.

"आमच्याकडे एक शतांशाला तपासणीवाले ओरडतात," ती म्हणाली. "दादांच्या हाताखालून चार जाणं शक्य नाही. शक्यच नाही, काकू."

दादा म्हणजे शांताराम बाविस्कर, तिचे भागीदार. शेडच्या पाटीवर दोघांची नावं आहेत, 'पागे अँड बाविस्कर', आणि नवीन माणूस नेहमी ती दोन वकिलांची समजतो. मंजूषा उज्जैनची, डिप्लोमा झालेली. लग्न होऊन भोपाळला आली आणि एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्रॉइंग काढायला लागली. शांतारामदादा त्याच कंपनीत लेथवरचे उस्ताद. त्यांचे वडील भुसावळकडून सरकारी कारखान्यात बदली होऊन आले आणि इथलेच झाले. पुढे ती कंपनी महिन्याभरात बंद पडली. दोघांच्याही हातात काही उरलं नाही. तेव्हा दादांनी जुना लेथ मिळवला, मंजूषाने ड्रॉइंगचं टेबल आणलं, आणि एका गॅरेजमध्ये सुरुवात केली. लॉकडाऊनमध्ये बाकीच्या शेड बंद होत्या तेव्हा या दोघांनी गॅस सिलिंडरच्या चाव्या करून माणसं टिकवली. ड्रॉइंग, ग्राहक, कागद हे तिचं. यंत्रं, हत्यारं आणि माप हे त्यांचं. कुठलाही माल शेडबाहेर जाण्यापूर्वी शेवटचं माप दादा घ्यायचे आणि दाखल्यावर सही करायचे. त्या सहीकडे तिने कधी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं.

त्यामुळे त्या सकाळी शेडमध्ये पोचताना चूक कोणाची असेल याबद्दल तिच्या मनात एकच उत्तर होतं. त्या पिना ज्या यंत्रावर झाल्या ते प्रतीक बारस्कर चालवायचा. तिशी ओलांडलेला माणूस, मुलताईकडचा, घरात मराठी बोलणारा पण बाहेर हिंदीच. तीन वर्षांपासून तिच्याकडे होता. तिने त्याला सगळ्यांसमोर विचारलं.

"मशीन तुझं, बॅच तुझी. सांग."

प्रतीकने एकदा दादांकडे पाहिलं आणि खाली मान घातली. "जी मॅडम," एवढंच म्हणाला.

"जी मॅडम म्हणजे काय?"

तो बोलला नाही. दादाही आपल्या टेबलापाशी उभे होते, तेही बोलले नाहीत. मंजूषाला वाटलं, दादांना इतका संताप आलाय की त्यांना शब्द सुचत नाहीत. तिने प्रतीकला सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस, मी बोलावेन तेव्हा ये. त्याने डबा उचलला, खुंटीवरची टोपी घेतली आणि गेला.

यानंतर चौथ्या दिवशी जे झालं ते तिने मला त्याच दुपारी सांगितलं. दोन वाजता ती घरी आली होती, एरवी कधी सहाच्या आत येत नाही. जिन्यात बसली होती. मी भाजी घेऊन येत होते, तर तिने मला वाट दिली नाही. तिला मी दिसलेच नसावे.

कंपनीने नवीन ड्रॉइंग पाठवलं होतं. पिनेच्या डोक्याची लांबी बदलली होती, अठराची सोळा, आणि चुकू नये म्हणून त्या आकड्याभोवती लाल पेनाने मोठा गोल केला होता. तिने कागद दादांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हे बघा, काय बदललंय."

दादांनी कागद उचलला. अंगठा फिरवला. "अठरा. नेहमीचंच आहे, ताई."

"नीट बघा ना."

"अठराच आहे."

तिला वाटलं, थट्टा करतायत. दादा थट्टा करणारे नाहीत, तरी तिला तसं वाटलं. मग तिने तिथलीच एक पिन उचलून त्यांच्या हातात दिली आणि मायक्रोमीटर पुढे सरकवला. "जाऊ दे, ही मोजून सांगा. मला कंपनीला फोन करायचाय."

दादांनी पिन मायक्रोमीटरमध्ये धरली, हलक्या हाताने चाक फिरवलं, उजेडाकडे नेलं. हात अगदी पूर्वीसारखे स्थिर होते. पण ते आकड्यांकडे बघत नव्हते. त्यांचं तोंड थोडं बाजूला वळलं होतं, जणू कोणाची तरी वाट बघतायत. आणि मग, बहुधा नकळत, ते म्हणाले, "प्रतीक नाहीये ना, ताई."

"प्रतीकचा इथे काय संबंध?"

शेवटच्या लेथवरच्या माणसाने यंत्र बंद केलं. मग त्याच्या शेजारच्याने. एकेक करत सगळी यंत्रं थांबली. सतरा वर्षांत दिवसाउजेडी ती शेड इतकी शांत तिने कधी ऐकली नव्हती. सगळे तिच्याकडे बघत होते आणि एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते बघून तिला पहिल्यांदा भीती वाटली.

दादांनी मायक्रोमीटर खाली ठेवला. "मधलं दिसत नाही मला," ते म्हणाले. "कडेकडेचं दिसतं. म्हणून चालता येतं, यंत्रावर हात बरोबर जातो. पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसल्यासारखं होतं. दोन वर्षं होत आली. दर महिना-दीड महिन्याने डोळ्यात सुई घेतो."

"तुम्ही तर गुडघ्यासाठी दवाखान्यात जाता ना."

"गुडघ्याला काही झालेलं नाही."

दादाच पुढे म्हणाले, "तुमची ओढणी दिसते, ताई. चेहरा दिसत नाही. दीड वर्ष झालं असेल तुमचा चेहरा पाहून."

जिन्यात बसून तिने मला हे वाक्य तीन वेळा सांगितलं. रोज आठ-नऊ तास समोरासमोर बसलेला माणूस आपल्याला पाहत नव्हता आणि आपल्याला ते कळलं नाही, हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. मागचं एकेक आठवून ती स्वतःलाच दाखवत होती. दादांनी स्कूटर सोडली आणि त्यांची बायको, नलिनीवहिनी, त्यांना सोडायला येऊ लागल्या, तेव्हा हिने वहिनींचं कौतुक केलं होतं. छोट्या पडद्यावर आकडे दिसणारा नवा मायक्रोमीटर आणला तर दादा म्हणाले, याचे आकडे नाचतात, मला जुनाच बरा. हिने हसून तो कपाटात ठेवला होता.

बाकीचं तिला त्याच दुपारी शेडमध्ये कळलं. चौदा महिने दादांची मापं प्रतीक वाचत होता. दादा पिन धरायचे, चाक फिरवायचे, प्रतीक शेजारून जाता जाता आकडा हळू सांगायचा. तिचं केबिन काचेचं आहे; तिला तिथून दोन माणसं कामाचं बोलताना दिसायची. ज्या दिवशी त्या सहाशे पिना झाल्या त्या दिवशी प्रतीक बायकोला दवाखान्यात न्यायचं म्हणून अकरा वाजता गेला होता. तोंडी परवानगी दादांनीच दिली, वहीत नोंद नाही. दुपारी यंत्राचं पातं बदललं, दुसऱ्या कारागिराने पहिली पिन काढून दादांसमोर ठेवली, आणि दादांनी तोंडाने आकडा सांगितला. अंदाजाने. दाखल्यावर सहीही त्याच आकड्यावर केली. पुढे पातं झिजत गेलं तशा पिना जाड होत गेल्या आणि शेवटच्या आपोआप मापात आल्या, म्हणून सगळ्या सहाशे परत आल्या नाहीत, एवढंच.

"प्रतीक एक शब्द बोलला असता तर वाचला असता," मंजूषा म्हणाली. "मी नव्हतो इथे, एवढा एक शब्द. पण मग पुढचा प्रश्न दादांवर आला असता."

"आणि दादा?"

"दादा उभे होते, काकू. मी त्याला काढत होते आणि दादा तिथे उभे होते."

संध्याकाळपर्यंत धक्क्याची जागा रागाने घेतली. मी खाली त्यांच्याकडे चहाला बसले होते. ती खोलीत येरझारा घालत होती. भागीदारीत लपवाछपवी चालत नाही, अकरा वर्षांचं नाव गेलं, ग्राहकाने त्या पिना पंपात बसवल्या असत्या तर काय झालं असतं, असं सगळं. त्यातलं काही खोटं नव्हतं. दिलीप कॉलेजात ग्रंथपाल आहे, मुळात कमी बोलणारा. त्याने कप खाली ठेवला आणि विचारलं, "इंदूरचं तू त्यांना सांगितलंस का?"

मला माहीत नव्हतं इंदूरचं काय ते. मंजूषा जागच्या जागी थांबली. चार महिन्यांपूर्वी इंदूरच्या एका मोठ्या कारखान्याने तिला बोलावलं होतं. पूर्ण विभाग तिच्या हाताखाली, गाडी, सगळं. ती एकदा जाऊन भेटूनही आली होती. नातेवाइकांकडे लग्न आहे म्हणून गेली होती, मलाही तिने तसंच सांगितलं होतं. हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं.

"ते वेगळं आहे," ती म्हणाली.

दिलीप कप विसळायला आत गेला. मी तिच्याकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि त्या जागी जे आलं ते बघवेना. दुपारी दादांबद्दल कळलं तेव्हाही ती इतकी हादरली नव्हती.

रविवारी सकाळी ती वर आली. "प्रतीककडे जायचंय. माझ्याबरोबर याल? एकटीला धीर होत नाही."

तो अशोका गार्डनला दोन खोल्यांत राहतो. दार त्याच्या बायकोने उघडलं, भाग्यश्रीने. मंजूषाला ओळखल्यावर ती बाजूला झाली आणि आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. प्रतीक आतून आला, उभाच राहिला. मंजूषाने गोल गोल काही सांगितलं नाही. "मला सगळं कळलंय. मी चुकले. परत ये," म्हणाली.

प्रतीक म्हणाला, "येतो ना मॅडम, काम तर पाहिजेच मला. पर एक बात. सबके सामने काढलं, तर सबके सामने घ्या."

"घेईन."

"और दादांना काढायचं नाही."

"मी त्यांना कशी काढेन? भागीदार आहेत ते."

प्रतीक हसला नाही, पण तसंच काहीतरी त्याच्या तोंडावर येऊन गेलं. "गेनालालजींना काढलंच ना."

मला गेनालाल कोण ते ठाऊक नव्हतं. प्रतीकनेच सांगितलं. पॉलिश करणारा जुना कारागीर होता. त्याचे हात थरथरायला लागले. त्याने स्वतः येऊन मॅडमना सांगितलं की हात कापतात, काही हलकं काम द्या. मॅडम फार प्रेमाने बोलल्या. दवाखान्याचं विचारलं. आणि आठ दिवसांत त्याचा निरोप समारंभ झाला, शाल, नारळ, मिठाई, फोटो.

"त्याच्या हाताला इजा झाली असती," मंजूषा म्हणाली. "त्याच्या भल्यासाठीच..."

"हो मॅडम. पर आम्ही सगळ्यांनी पाहिलं. जो बोलला तो गेला. तब से कोई नहीं बोलता. मला ऐकायला कमी येतं एका कानाने, ते कुठं माहितीये तुम्हाला?"

तिला माहीत नव्हतं. भाग्यश्री दारात उभी होती, तिने मान खाली घातली. मंजूषाच्या हातातला पाण्याचा पेला तसाच होता, तिने तो न पिताच खाली ठेवला. परत येताना ती रिक्षात बसली. मग म्हणाली, "मी त्याला शाल दिली होती, काकू. चांगली दिली होती. मी स्वतः जाऊन निवडली होती."

तिच्या मनात खोट नव्हती हे मला ठाऊक होतं आणि त्याने काही फरक पडत नव्हता, हेही त्या घरात बसून दिसलं होतं.

सोमवारी साडेआठला तिने यंत्रं सुरू होऊ दिली नाहीत. बाराही माणसांना दादांच्या टेबलाभोवती बोलावलं. प्रतीकची माफी मागितली, कारणासकट. मग दादांकडे वळून इंदूरचं सांगितलं. मी तिथे नव्हते. हे प्रतीककडून आणि तिच्याकडून, दोघांकडून ऐकलं, आणि दोघांचं जुळतं.

दादा स्टुलावर बसले. "चार महिने?"

"चार महिने."

"जाणार आहात?"

"नाही म्हणून कळवलंय. पण ते काल संध्याकाळी. त्याआधी नाही म्हटलं नव्हतं मी, दादा. जायचं मनात होतं."

दादांनी पिशवी उचलली, एका कारागिराला रस्त्यापर्यंत सोडायला सांगितलं आणि निघून गेले. तिला वाटलं होतं, खरं सांगितलं की मोकळं होईल, दोघंही थोडं रडतील, चहा येईल. तसं काही झालं नाही. दादा मंगळवारी आले नाहीत. बुधवारीही नाही. फोन नलिनीवहिनी उचलायच्या आणि "झोपलेत" म्हणायच्या, सकाळी अकरा वाजता. ते दोन दिवस मंजूषाने जेवढ्या धास्तीत काढले तेवढ्या धास्तीत ती जुनी कंपनी बंद पडली तेव्हाही नसेल. तेव्हा निदान दादा बरोबर होते.

गुरुवारी वहिनी त्यांना स्कूटरवरून घेऊन आल्या. दादांनी हॉस्पिटलची जाडजूड फाइल तिच्या टेबलावर ठेवली. "वाचा," म्हणाले. "सगळं वाचा. मला तर वाचता येत नाही, काय काय लिहिलंय ते मला पण सांगा."

तिने मोठ्याने वाचलं. उजवा डोळा जवळजवळ गेला होता. डावा उपचारांनी टिकला तर टिकेल, असं होतं. वहिनींनाही त्यातलं सगळं माहीत नव्हतं; दादांनी डॉक्टरांकडून ऐकून त्यांना अर्धंच सांगितलं होतं. वाचन संपलं तेव्हा वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या आणि दादांकडे बघत होत्या. "डावा पण जाऊ शकतो, हे बोलला नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या.

पंप कंपनीत जायचं बाकी होतं. दोन ओळखीच्या शेडवाल्यांनी मंजूषाला सांगितलं होतं की कारागिराची चूक, त्याला काढलं, असं लिहून दे, सगळे तसंच लिहितात, प्रकरण मिटतं. ती, दादा आणि प्रतीक तिघंही मंडीदीपला गेले. समोर कंपनीची तपासणी अधिकारी होती, अदिती, पहिला फोन तिचाच होता. शेजारी तिचे साहेब.

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"माप घेणाऱ्याला माप दिसत नव्हतं," मंजूषा म्हणाली. "आणि मला ते माहीत नव्हतं. ते हे, माझे भागीदार. चौदा महिने यांच्यासाठी हा माप वाचत होता. त्या दिवशी हा नव्हता. पण यांना मला सांगता आलं नाही, ते माझ्यामुळे. यांची सही आमच्या प्रत्येक दाखल्यावर आहे, तेव्हा चौदा महिन्यांचे सगळे दाखले तुम्ही पुन्हा तपासावेत असं मी सुचवते."

अदितीचं पेन थांबलं. असं उत्तर त्या खोलीत कोणी कधी दिलं नसावं. साहेबांनी दादांकडे पाहिलं, मग मंजूषाकडे, मग पुन्हा दादांकडे, आणि उठून बाहेर गेले. पाच मिनिटं तिघं तशीच बसली. अदिती हळूच म्हणाली, "मॅडम, हे लिहून द्यायला लागेल तुम्हाला. नक्की लिहायचंय?"

"लिहून आणलंय," मंजूषा म्हणाली.

कंपनीने तीन महिने काम थांबवलं. जुन्या मालाचे साठवलेले नमुने पुन्हा मोजले. त्यात दोष निघाला नाही, म्हणजे चौदा महिने प्रतीक नीट वाचत होता. तीन महिने शेडमध्ये लोखंडी गेट, जाळ्या, कुणाच्या थ्रेशरचे भाग, मिळेल ते केलं. दोन माणसं सोडून गेली. मंजूषाचं वजन उतरलं. त्यानंतर अदिती तपासणीला आली, दिवसभर शेडमध्ये फिरली. आता कुठलंही माप दोन माणसं वेगवेगळं घेतात आणि एकमेकांचा आकडा न बघता लिहितात. दोन्ही जुळले तरच माल पुढे जातो. दादा माप घेत नाहीत. यंत्र कसं बसवायचं, पातं कधी बदलायचं, नव्या कामाला कुठून हात घालायचा हे ते सांगतात, आणि सांगताना समोरच्याला तीनदा करायला लावतात. अदितीने त्यांना विचारलं, "तुमचं आता इथे नेमकं काम काय?" दादा म्हणाले, "मला पण हळूहळू कळतंय." तिने ते तसंच अहवालात लिहिलं का, माहीत नाही. काम परत मिळालं, पण पूर्वीच्या निम्मं. उरलेलं दुसऱ्या कोणाला गेलं ते गेलं.

गेनालालला शोधायला मंजूषा दोनदा गेली. घर बदललं होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, विदिशाकडे गावी गेला, फोन लागत नाही. ते तसंच राहिलं.

दर सोमवारी साडेआठला मात्र आता सगळे टेबलाभोवती उभे राहतात आणि कोणाला काही सांगायचं असेल तर सांगतात. सुरुवात मालकांनी करायची, हा नियम दादांचा. पहिल्या सोमवारी मंजूषाने सांगितलं की इतक्या वर्षांत तिने स्वतः यंत्रावर एकही पिन कातलेली नाही आणि कारागीर तिला काही समजावतात तेव्हा ती बऱ्याचदा नुसती मान हलवते. माणसांना हसावं की नाही कळेना. दुसऱ्या सोमवारी कोणीच काही बोललं नाही. तिसऱ्या सोमवारी प्रतीकने कानाचं सांगितलं. त्याला यंत्राजवळ आता डाव्या बाजूने हाक मारतात. पुढचे दोन महिने पुन्हा सगळे गप्पच. मंजूषाला वाटलं, बंद करावं हे.

मग मागच्या महिन्यात तिने तपासणीसाठी एक नवीन बाई घेतली. अनुराधा, ग्वाल्हेरची, एक्केचाळीस वर्षांची. मुलं मोठी झाल्यावर बारा वर्षांनी पुन्हा नोकरीला उभी राहिलेली. मुलाखतीत छान बोलली होती. तिचा तो पहिलाच सोमवार. मंजूषाने नेहमीप्रमाणे विचारलं, कोणाला काही सांगायचंय का, आणि ती वळणारच होती.

"मला सांगायचंय," अनुराधा म्हणाली. आवाज फार लहान होता. "मुलाखतीत मी म्हटलं होतं की नवीन ड्रॉइंगमधल्या सगळ्या खुणा मला कळतात. निम्म्या कळत नाहीत. माझ्या वेळी त्या नव्हत्याच."

मंजूषाने मला फोन केला तेव्हा सव्वानऊ झाले होते. मला आधी वाटलं, पुन्हा काही विपरीत घडलं. मागे यंत्रांचा आवाज येत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काकू, तिला इथे येऊन सहा दिवस झालेत," ती म्हणाली. "सहा."

"मग तू काय केलंस?"

"मी तशीच उभी राहिले. दादांनीच स्टूल ओढलं तिच्यासाठी. आता प्रतीक एकेक खूण वाचून दाखवतोय, दादा सांगतायत ती कशाची, आणि ती लिहून घेतेय. मी पण बसते त्यांच्यात, काकू. मलाही दोन-तीन नक्की येत नाहीत. ठेवू फोन?"